पिल्लाला आधी सोबत, मग दाणा

खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून किंवा एखाद्या खासगी हॅचरीतून एक दिवसाच्या पिल्लांचा खोका घेऊन माणूस शिरूरच्या नाहीतर दौंडच्या गाडीत बसतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो : यांना खायला काय घालू? खाद्याच्या दुकानदारालाही तोच प्रश्न सोयीचा, कारण त्याचं उत्तर पोत्यात भरून विकता येतं. पण पिल्लाची पहिली गरज दुसरीच असते. कवच फोडण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन दिवस निभावून नेतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून शेकडो किलोमीटर पाठवता येतात ती त्यामुळेच. पहिल्या दिवशी पिल्लू भुकेनं मरत नाही. ते गारठ्यानं जातं, तहानेनं जातं, आणि कळपातून सुटून एकटं पडलं तर ओरडून ओरडून जातं. म्हणून दाण्याच्या आधी ऊब आणि सोबत यांची सोय लावा. खोका घरी यायच्या आदल्या दिवशीच ती झालेली असावी.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. इकडे घोड, तिकडे भीमा. पाणी पोचतं तिथे ऊस, नाही पोचत तिथे ज्वारी, बाजरी, कांदा. वस्तीवर दोन-चार गाई असतात आणि गोठ्याच्या कडेला पाच-दहा कोंबड्या. हा लेख त्या पाच-दहा कोंबड्यांच्या घरासाठी आहे. हजार-पाच हजार पक्ष्यांच्या शेडचा हिशेब निराळा. त्याचं रीतसर शिक्षण घ्यायचं तर दौंडहून पुण्याकडे येताना उरुळी कांचनजवळ डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची कुक्कुट व्यवस्थापन संस्था आहे. शेडचे नियम परसातल्या बारा पिल्लांना जसेच्या तसे लावले की खर्च तर वाढतोच, आणि पिल्लं तरीही जातात.

खुडूक कोंबडी हाताशी असेल तर

पिल्लं वाढवण्याचं सगळ्यात चांगलं यंत्र आपल्या खुराड्यात असतं आणि आपण त्याला पाण्यात बुचकळून नाहीतर पिसात दोरा ओवून 'खुडूक मोडायला' बघतो. अंडी बंद झाली म्हणून ही घाई. पण गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी या सुधारित जाती गावरान कोंबडीपेक्षा जास्त अंडी देतात त्यामागे एक कारण हेही आहे, की त्यांच्यातली खुडूक बसण्याची सवय निवड करत करत जवळजवळ काढून टाकलेली आहे. त्या अंडं घालतात आणि निघून जातात. तेव्हा परसात सुधारित कोंबड्या जरूर ठेवा, पण त्यांच्यासोबत एक-दोन अस्सल गावरान माद्या ठेवल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. अंडी सुधारित कोंबडीची आणि पंख गावरान कोंबडीचे, ही जोडी या भागातल्या हवेला झकास जमते.

कोंबडी खरी खुडूक आहे का, हे हात नेला की कळतं. ती उठत नाही, पिसं फुलवून कुरकुरते, पोटाखालचा भाग उघडा आणि गरम लागतो. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईनं खाते, एकदाच मोठी विष्ठा टाकते आणि परत जागेवर. अशा कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा, जास्त नकोत. कडेची अंडी पंखाबाहेर राहून गार होतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं स्वच्छ, पिवळट दिसेल ते रिकामं, काढून टाका.

आता, हॅचरीतून आणलेली पिल्लंही खुडूक कोंबडीच्या पदरात घालता येतात. युक्ती जुनी आहे, फक्त वेळ साधावी लागते. कोंबडी निदान पंधरा-अठरा दिवस तरी बसलेली असावी. अंडी नसतील तर तोवर दोन-चार वांझोटी अंडी तिच्याखाली राहू द्या. पिल्लं एका-दोन दिवसांचीच हवीत, आठवड्याची झालेली पिल्लं तिला आई मानत नाहीत. अंधार पडल्यावर, दिवा न लावता, एकेक अंडं काढत एकेक पिल्लू मागच्या बाजूनं पंखाखाली सरकवा. तिच्या अंगाखाली हात घातलेला तिला या दिवसांत चालतो. पिल्लू आत शिरलं की दोन-चार मिनिटांत त्याची कर्कश चिवचिव बारीक होत जाते आणि कोंबडी घशातल्या घशात एक ठरावीक 'कुर्र कुर्र' सुरू करते. तो आवाज आला की काम झालं समजा. पहाटे मात्र उजाडायच्या आत जाऊन बघायचं. एखादी कोंबडी चोच मारते. डोक्यावर रक्त दिसलं तर पिल्लं लगेच काढून घ्यावी लागतात. अशा कोंबडीवर पुन्हा प्रयोग करू नये.

पिल्लं सोडण्यापूर्वी कोंबडीच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसवा-उवा आहेत का बघा. गोठ्यातल्या चुलीची चाळलेली राख कोरड्या मातीत मिसळून तिला दोन दिवस आधी लोळू द्यावं. आईच्या अंगावरचे किडे कोवळ्या पिल्लाचं रक्त पिऊन त्याला पांढरं करून टाकतात.

खुडूक कोंबडी पिल्लाला ऊब देते एवढंच आपल्याला दिसतं. ती खायलाही शिकवते. एक दाणा चोचीत उचलते, खाली टाकते, परत उचलते, परत टाकते, आणि सोबत तुटक, भरभर आवाज काढत राहते. पिल्लं धावत येतात आणि नेमक्या त्याच दाण्यावर चोच मारतात. घारीची सावली पडली की तिचा एकच लांब सूर, आणि पिल्लं असतील तिथे दबून बसतात. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे कधी रस्त्यात भेटले तर घोड्याच्या पाठीवरच्या बोजाकडे नीट बघा. संसाराच्या वर कोंबड्या बसलेल्या असतात. रोज नवा मुक्काम, तरी पिल्लं वाढतात, कारण आई बरोबर असते.

पहिले आठ-दहा दिवस कोंबडीला पिल्लांसकट डालग्याखाली ठेवावं. डालग्याची एक कड विटेवर टेकवली की पिल्लं आत-बाहेर करू शकतात आणि कोंबडी आतच राहते. तिला मोकळं सोडलं तर ती उकिरडे उकरत वस्तीभर हिंडते आणि मागची दोन अशक्त पिल्लं दमून कुठेतरी राहून जातात. पुढे पाच-सहा आठवड्यांनी ती स्वतःच पिल्लांना चोच मारून दूर करायला लागेल. तेव्हा समजायचं, तिचं काम संपलं.

खुडूक नसेल तर

मग बल्ब. पण इथे गेल्या काही वर्षांत एक नवाच घोटाळा सुरू झाला आहे. दुकानात मागितला की एलईडी मिळतो, लोक तो पिल्लांवर लावतात, उजेड लख्ख पडतो आणि पिल्लं गारठून मरतात. एलईडीला पिल्लापुरती ऊब नसते. जुना तारेचा, पिवळ्या उजेडाचा साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब शोधून आणा. साधारण एका पिल्लाला दोन वॉट हा हिशेब आहे, पण पिल्लं थोडी असली तरी चाळीस-साठ वॉटच्या खाली जाऊ नका. एकच बल्ब उडाला तर रात्रीत घात होतो, म्हणून दोन लहान बल्ब बरे.

जागा गोल हवी. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंचीचं कडं करा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन इंच भाताचं तूस, लाकडाचा कोरडा भुसा किंवा शेंगांची टरफलं. आपल्याकडे कारखान्यावरून उसाचं चिपाड आणि शेतातून पाचट फुकट मिळतं, म्हणून ते अंथरायचा मोह होतो. पण ते ओलं झालं की बुरशी धरतं आणि ती बुरशी पिल्लाच्या फुप्फुसात जाते. पहिले दोन दिवस तुसावर कागद घाला म्हणजे पिल्लं तूस खाणार नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि फाकलेले पाय पुन्हा जुळणं अवघड. पुठ्ठ्याची खरबरीत बाजू किंवा जुनं गोणपाट चालेल.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असावी आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवत न्यावी. थर्मामीटर असला तर उत्तम. नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी वाजते. कड्याला चिकटून, चोच उघडी, पंख लांब धरून बसली असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. कड्यात इकडे-तिकडे विखरून, काही खातायत, काही आडवी पडून झोपलीत, आवाज मंद आहे, तर हात लावू नका. पौष-माघात रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा दिवसा नीट वाटलेली मांडणी पहाटे चार वाजता अपुरी पडते; एकदा त्या वेळी उठून बघाच. चैत्र-वैशाखात उलट, दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो.

वीज जाणार हे आपण गृहीतच धरायचं. गरम पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवल्या तर रात्रीचे काही तास सुटतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या धुरानं पिल्लंही जातात आणि त्याच खोलीत झोपलेली माणसंही.

आता सोबतीचं. एकच पिल्लू कधीही आणू नका. आठवडे बाजारात, यात्रेत टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला असतात. पोरं हट्ट करतात आणि आई-बाप एक घेऊन देतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात. हॅचरीला नको असतात म्हणून स्वस्तात फुंकलेली. आधीच रंगात भिजलेली, त्यात एकटी. रात्री घरात कितीही माया केली तरी माणसाचा हात रात्रभर पंखासारखा पसरून राहू शकत नाही. एकटं पिल्लू दिवसभर ओरडतं, ओरडण्यात अंगातली ताकद घालवतं आणि खायला विसरतं, कारण पिल्लू खातं ते शेजारचं खातंय हे बघून. मुलांना पिल्लू द्यायचंच असेल तर साध्या रंगाची पाच-सहा द्या, आणि हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावा. पिल्लांच्या विष्ठेतून माणसालाही पोटाचे आजार होतात.

घरात मेलेल्यांतून एखादंच पिल्लू मागे राहिलं तर? लोक आरसा ठेवतात. त्यानं पिल्लू थोडं शांत होतं हे खरं, पण आरशातलं पिल्लू ऊब देत नाही. वस्तीवर विचारा, कुणाकडे त्याच वयाची, फार तर आठवड्याभराच्या फरकाची पिल्लं असतील तर एक तर तिकडची दोन इकडे आणा किंवा आपलं एक तिकडे द्या. द्यायला कमीपणा मानू नये.

पाणी, मग भरडा, मग खाद्य

प्रवास करून आलेल्या पिल्लाला आधी पाणी. उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे गूळ. एकेक पिल्लू हातात धरून त्याची चोच, फक्त चोच, पाण्यात टेकवायची. नाक बुडवायचं नाही. एकदा गिळलं की त्याला पाणी कुठे आहे ते कळतं. गुळाचं पाणी पहिल्या काही तासांपुरतंच. दिवसभर तेच ठेवलं तर विष्ठा चिकट होते, मागची जागा बंद होते आणि पिल्लू मलूल होऊन बसतं. तसं झालंच तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं हळूच पुसून काढा, ओढू नका. पाण्याचं भांडं उथळ असावं आणि त्यात स्वच्छ खडे टाकावेत. अर्ध्या इंच पाण्यातही पिल्लू बुडून मरतं.

दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर शिंपडा. आई नसली तर तिचं काम आपलं बोट करू शकतं : भरड्यावर बोटानं टकटक करा, एक दाणा उचलून टाका. एक पिल्लू येतं, मग दुसरं, मग सगळी. पाच मिनिटांचं काम आहे. त्याच संध्याकाळपासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सुरू करावं.

पहिले आठ आठवडे पिल्लाच्या खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं लागतात. बाजरीत ११-१२ टक्के असतात, मक्यात ९ च्या आसपास. म्हणजे नुसत्या धान्यावर पिल्लू जगतं पण वाढत नाही. पिसं उशिरा येतात, एकमेकांची पिसं ओढून खातात, आणि रोग आला की हीच आधी आडवी होतात. आपल्याकडे 'गावरान पिल्लाला कशाला खाद्य, उकिरड्यावर वाढतं' असं म्हणतात. वाढतं, पण दहातली किती वाढतात ते कुणी मोजत नाही. माझा सल्ला असा, की पैसे खर्च करायचेच तर पहिल्या आठ आठवड्यांत करा. तेवढ्यात एक पिल्लू दीड-दोन किलो खाद्य खातं. बारा पिल्लांना वीस-पंचवीस किलो, एवढाच तो खर्च आहे. त्यानंतर उकिरडा आहेच.

स्टार्टरऐवजी घरात पडलेलं अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना घालणारे बरेच आहेत. ते करू नका. त्यात कवचासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत कॅल्शियम असतं आणि पिल्लाचं मूत्रपिंड ते पेलत नाही. उलट, पिल्लांसोबतच्या खुडूक कोंबडीनं स्टार्टर खाल्लं तर काही बिघडत नाही. ती त्या काळात अंडी देतच नसते. म्हणून डालग्याखाली एकच भांडं, स्टार्टरचं.

आठ आठवड्यांनंतर घरचं मिश्रण चालतं. दहा किलोचा हिशेब देतो : साडेसहा किलो मका किंवा बाजरीचा भरडा, अर्धा-अर्धा घेतला तर आणखी चांगलं, एक किलो आठशे ग्रॅम सोयाबीनची पेंड, एक किलो चारशे ग्रॅम गव्हाचा कोंडा, तीनशे ग्रॅम कोंबड्यांचं खनिज मिश्रण, आणि वर तीस ग्रॅम मीठ, त्याहून जास्त नको. यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं बसतात आणि वाढत्या तलंगांना, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांना, तेवढी पुरतात. पेंड म्हणजे तेल काढलेली, भाजलेली पेंड. कच्चं सोयाबीन दळून घालू नये, ते पचत नाही. शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळाली तरी नाकाशी धरून बघा. कुबट वास आला, काळपट ठिपके दिसले की ती गाईलाही नको आणि पिल्लाला तर नकोच. बुरशीचं विष यकृतावर बसतं. भिजलेल्या मक्याचंही तेच.

चाऱ्यासाठी लसूणघास आपल्या भागात घरोघरी. त्याची छोटी जुडी बांधून पिल्लांच्या मानेच्या उंचीला टांगा, तिसऱ्या आठवड्यापासून. जीवनसत्त्वं मिळतात आणि चोचीला काम मिळतं. मेथी, शेवग्याचा पाला चालतो. कांद्याची पात आणि चाळीतला खराब कांदा मात्र पोटभर घालू नका. शिरूरला कांद्याची कमी नाही, पण जास्त कांद्यानं कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बाजारातली सुकट प्रथिनांना चांगली, पण खारवलेली असेल तर धुऊन, वाळवून, चिमूटभर. लोणचं, फरसाण, खारट आमटीत कुस्करलेली भाकरी पिल्लांपासून दूर.

फुकटचं उत्तम प्रथिन हवं असेल तर वाळवी. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलसर शेण, काटक्या, फाटक्या गोणपाटाचे तुकडे भरायचे आणि जिथे वाळवी दिसते अशा जागी संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळी मडक्यात वाळवी भरलेली असते. पिल्लांसमोर झटकलं की मिनिटात फस्त. उन्हं तापायच्या आत झटका, नाहीतर वाळवी परत मातीत जाते. अझोलाही लोक लावतात. वाईट नाही, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तो पूरक म्हणून ठीक, त्यावर पिल्लू पोसायचं नसतं.

थोरांत लहान मिसळताना

कोंबड्यांच्या कळपात मान ठरलेला असतो : कुणी कुणाला चोच मारायची आणि कुणी निमूट खायची. नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डरूप-एब्बे यानं शंभर वर्षांपूर्वी हे निरीक्षण शास्त्रात मांडलं. आपल्या आज्यांना ते खुराड्यापुढे बसून ठाऊक होतं. नवी पिल्लं थेट मोठ्या कोंबड्यांत सोडली की प्रत्येक कोंबडी आपला मान दाखवायला येते. शिवाय मोठ्या कोंबड्या ज्या रोगांना सरावलेल्या असतात ते पिल्लांना नवे असतात. म्हणून आठ आठवडे तरी पिल्लं वेगळी. नंतर जाळीच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर ठेवा, म्हणजे ओळख होते आणि चोच पोचत नाही. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, नव्या तलंगा त्यांच्याशेजारी बसवून द्या. एकेक करून सोडू नका, सगळ्या एकदम सोडा. राग वाटला जातो. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकांपासून लांब.

चोचाचोची थांबतच नसेल तर आधी जागा मोजा. महिन्याच्या पिल्लाला अर्धा चौरस फूट, दोन महिन्यांच्याला एक चौरस फूट, याहून कमी असेल तर भांडणं होणारच. बल्ब फार प्रखर असेल तर कमी करा. जखमी पिल्लाला हळद लावून बाजूला घ्या, पण कळपाला दिसेल असं, जाळीआड ठेवा. आठवडाभर नजरेआड गेलेलं पिल्लू परत आलं की परकं ठरतं.

पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की बसायला जमिनीपासून फूटभरावर एक आडवी काठी बांधा. लोळायला राखमातीचा खड्डा सावलीत हवाच.

शत्रूंबद्दल थोडक्यात. घार, मुंगूस, मांजर, उंदीर, साप हे सगळीकडचे. कोंबड्यांची षटकोनी जाळी मुंगसाला अडवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारा. शिरूरच्या बेट भागात आणि भीमाकाठच्या उसात बिबट्या असतो, तेव्हा खुराडं घराच्या भिंतीला लागून, बंद दाराचं असावं आणि मेलेलं पिल्लू उसाच्या बांधावर भिरकावण्याची सवय सोडावी. खड्डा काढून, चुना टाकून पुरावं. उजनीच्या फुगवट्याकडे, राजेगाव-खानोट्याच्या बाजूला, हिवाळ्यात परदेशी पाणपक्षी उतरतात. तिथल्या लोकांनी कोंबड्या पाणवठ्यावर सोडू नयेत. बर्ड फ्लूचं नाव आपण २००६ साली नवापूरला पहिल्यांदा ऐकलं. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते विकू नका, खाऊ नका, लपवू नका. आधी दवाखान्यात कळवा.

लस एकट्यानं घेऊ नका

मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की वस्तीवरची खुराडी रिकामी होतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, तिच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा परत. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस. आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी ही टोचायची लस. मरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात. दिली का, ते खोका घेतानाच विचारून घ्या. आपल्या भागातला नेमका क्रम पशुवैद्यकीय अधिकारी सांगतील. मानमोडीसह कोंबड्यांच्या काही लसी पुण्यातच, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. त्याला लस शोधत बसू नका, ओलं तूस काढून टाका आणि त्याच दिवशी औषध आणा.

अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि आपल्याकडे पिल्लं बारा. फोडलेली कुपी तास-दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी उरत नाही. म्हणून बारा पिल्लांचा मालक लस घेतच नाही, आणि मानमोडी त्याच्याच घरातून सुरू होते. यावर उपाय एकच : वस्तीवरच्या सात-आठ घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणायची. हॅचरीतही शंभराचा खोका सोपा मिळतो, घरोघरी वाटून घेता येतो. लसीचा दिवस ठरवायचा, कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणायची आणि उन्हं चढायच्या आत सगळ्यांची पिल्लं एका ओट्यावर. ऊसतोडीच्या दिवसांत कोप्यांवर टोळ्यांच्याही कोंबड्या असतात. त्यांनाही निरोप द्या. रोगाला बांध नसतो.

महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाकडून एक दिवसाच्या शंभर पिल्लांचा गट आणि पंचवीस तलंगा अधिक तीन नर असा गट अनुदानावर देण्याची योजना आहे. या वर्षी आपल्या तालुक्यात ती कशी चालू आहे, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. नवख्या माणसानं तलंगांचा गट घ्यावा, असं मी सुचवेन. पहिले आठ आठवडे दुसऱ्यानं काढलेले असतात. आजारी पिल्लासाठी दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.